मिरजेला हलवा

(कवठे महांकाळ येथे एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. छापण्यापूर्वी किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत.)



एस.टी. स्टँडवरून इकडे येताना वाटेत एका गृहस्थांनी मला गाठलं. काखेत एक्सरेचं मोठं पाकीट. "सर, तुम्ही मिरजेचं न्हवं? मग गुडघ्यासाठी कुणाकडं जावं, तेवढं सांगा की." मी त्यांना सांगितलं की मी डॉक्टर नाही, जन्मभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. मिरजेचा आहे ना, मग झालं. ते आता तिसऱ्या रांगेत बसले आहेत, पाकीट मांडीवर आहे, आणि माझं भाषण कधी संपतंय याची वाट पाहत आहेत.

त्यांचं काही चुकलेलं नाही. गुडघ्याला कोण, मुलांच्या तापाला कोण, कोण ऑपरेशनची घाई करतो आणि कोण आधी सहा आठवडे थांबून बघा म्हणतो, हे मिरजेच्या पानवाल्यालाही ठाऊक असतं. आजचं माझं बोलणं या ठाऊक असण्याबद्दल आहे.

विषय छापला आहे 'शहराकडे आरोग्यव्यवसाय का येतो'. मी तो एका शहरापुरता घेणार आहे. तुमच्या भागात "मिरजेला हलवा" हे वाक्य ऐकून कुणाला मिठाई आठवत नाही, पोटात गोळा येतो. जतपासून चिक्कोडी-अथणीपर्यंत, सांगोल्यापासून खाली कोकणाच्या घाटापर्यंत तालुक्याचा डॉक्टर हात टेकले की हेच म्हणत आला. मिरज जिल्ह्याचं ठिकाण नाही. ते सांगलीला आहे. संस्थान होतं, पण लहान. पटवर्धनांच्या दोन शाखांत वाटलं गेलेलं. मोठा कारखाना नाही, समुद्र नाही, थंड हवा तर नाहीच नाही. मग आजारी माणसाला तिथेच का न्यायचं?

या प्रश्नाला वर्तमानपत्रात छापून येणारं उत्तर मला पाठ आहे. दर काही वर्षांनी कुठल्या तरी शहराला 'हेल्थ हब' करण्याची घोषणा होते. स्वस्त जमीन, करात सवलत, चौपदरी रस्ता, विमानतळ. तज्ज्ञ मंडळी नकाशावर गोल काढतात. गोल काढायला हरकत नाही, पण पेशंट नकाशा बघून येत नाही. तो शेजाऱ्याचं ऐकून येतो.

मिरजेची गोष्ट साधारणपणे एका परदेशी डॉक्टरापासून सुरू करतात. मी थोडं आधीपासून करतो. कुरुंदवाडचा एक मुलगा, जन्म १८७२ चा. फटाक्यानं डोळे भाजले. घरच्यांनी उपचारासाठी त्याला मिरजेला आणलं. डॉक्टर भडभडे यांनी प्रयत्न केले, पण दृष्टी नीट आली नाही. ज्याला वाचता येणार नाही त्यानं गाणं शिकावं, असं ठरलं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तेव्हा मिरजेतच होते, त्यांच्याकडे मुलगा राहिला. पुढे तो विष्णु दिगंबर पलुसकर झाला. संगीतवाले ही कथा संगीताची म्हणून सांगतात. मला तिच्यातला पहिला अर्धा भाग महत्त्वाचा वाटतो: मिशनचं हॉस्पिटल उभं राहण्यापूर्वीच कुरुंदवाडच्या माणसाला डोळ्यांसाठी मिरजेला जावंसं वाटत होतं.

त्याच्याही आधीपासून मीरासाहेबांचा दर्गा होता. दुखण्याखुपण्याची माणसं तिथे येत, आजही येतात, त्यांत सगळ्या जातिधर्मांची असतात. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब आजारपणात इथे आले आणि दर्ग्यात बरे झाले, म्हणून मिरजेचेच झाले, असं सांगतात. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात ते वारले, तरी त्यांना आणून ठेवलं ते इथेच. दर्ग्यानं किती जणांना बरं केलं याचा हिशेब मी मांडणार नाही, तो माझा विषय नाही. पण आजारी माणसाला घेऊन आलेल्या परक्या कुटुंबाला ओसरीवर जागा द्यायची, चुलीला काटक्या द्यायच्या, 'कुठून आलात' एवढं विचारून पुढचं न विचारायची ही सवय त्या गावाला दर्ग्यानं लावली होती. हॉस्पिटल आलं तेव्हा तयार गाव मिळालं.

आता त्या डॉक्टराकडे येतो. विल्यम जेम्स वॉनलेस. कॅनडात जन्मलेला, १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडे आला. सुरुवात सांगलीत केली, एक लहानसा दवाखाना. मग मिरजेला आला. मिरज थोरली पातीच्या अधिपतींनी जमीन दिली आणि १८९४ साली हॉस्पिटल उघडलं. बांधायला पैसा दिला फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी. हे गृहस्थ बाल्डविन या कारखान्याचे भागीदार, आणि तो कारखाना रेल्वेची इंजिनं बनवायचा. मला हा योगायोग फार आवडतो. कारण मिरजेच्या हॉस्पिटलला नंतर जे यश आलं त्यात इंजिनाचा वाटा सर्जनच्या सुरीपेक्षा कमी नाही.

पुण्याहून दक्षिणेकडे जाणारी सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज लाइन त्याच सुमारास मिरजेवरून गेली. १८९१ साली कोल्हापूरचा फाटा जोडला गेला. मग १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज कुर्डुवाडी-पंढरपूरकडून मिरजेला येऊन टेकली. ती तुमच्या गावावरून जायची, ज्येष्ठांना आठवत असेल. १९७१ ला पुण्याकडची लाइन ब्रॉडगेज झाली आणि मग बरीच वर्षं मिरज स्टेशनात तीन मापांचे रूळ शेजारी शेजारी होते. रेल्वेचे शौकीन ते बघायला लांबून येत. आम्हाला त्याचं कौतुक नव्हतं. आम्ही बघत होतो उतरणारी माणसं. नॅरोगेजमधून दुष्काळी भागातली माणसं, बेळगावच्या गाडीतून कानडी माणसं, कोल्हापूरकडून घाटाखालची. कुणाच्या डोक्यावर वळकटी, कुणाच्या हातात वातीचा स्टो, आणि मधे बाजल्यावर किंवा पाठीवर आजारी माणूस.

जंक्शनला गाडी बदलावी लागते, म्हणून जंक्शनवर थांबावं लागतं. थांबणाऱ्याला चहा लागतो, झोपायला जागा लागते, बोलायला कुणीतरी लागतं. बोलण्यातून बातमी फिरते. पंढरपूरच्या म्हातारीचा मोतीबिंदू काढला, तिला नातवाचं तोंड दिसलं, ही बातमी त्याच गाडीनं परत जायची. हॉस्पिटलला दुसरी जाहिरात लागली नाही.

आता माझ्या घराबद्दल थोडं. आमचं घर मिशन हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला होतं. वडील प्रेसमध्ये कंपोझिटर. पगारात भागत नसे म्हणून आई पुढची खोली पेशंटच्या नातेवाइकांना द्यायची. आठ आणे रोज. "आक्का, जागा हाय का?" हे शब्द मी पाळण्यात ऐकले असणार. भाडं घेताना आई आधी विचारायची, "ऑपरेशन कधी हाय?" कारण ऑपरेशनच्या दिवशीचे पैसे ती घेत नसे. त्या दिवशी त्या घरात स्वयंपाक होत नाही, आमच्यातलेच चार घास जातात, मग भाडं कसलं घ्यायचं, असा तिचा हिशेब. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मला हा हिशेब कुठे मिळाला नाही.

ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे ते गुरुजी मला पहिल्यांदा भेटले ते त्याच खोलीत. वहिनींचं पोटाचं ऑपरेशन होतं. नॅरोगेजनं आले होते, सोबत जोंधळ्याच्या पिठाचं गठुडं. सतरा दिवस राहिले. रोज संध्याकाळी वॉर्डातून परत आले की माझी पाटी तपासायचे. शिक्षक माणूस, त्याला दुसरं काही सुचणार नाही. पुढे इथे त्यांनी शाळेसाठी काय केलं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. मी एवढंच सांगतो की माझं त्रैराशिक मिरजेच्या पेशंटांमुळे पक्कं झालं.

त्या सतरा दिवसांत आमच्या गल्लीनं गुरुजींकडून काय कमावलं? खोलीभाडं, दूध, रॉकेल, टांगा, धोब्याची धुलाई, दोन खेपांची टपाल तिकिटं, लिंबू-मोसंबी. हॉस्पिटलच्या बिलापेक्षा हे कमी नसेल. आणि आमच्या गल्लीनं गुरुजींना काय दिलं? रक्त लागलं तर कुणाला हाक मारायची, कुठल्या सिस्टरला कन्नड येतं, रात्री दोनला फाटक कोण उघडतं, डॉक्टर राउंडला आले की प्रश्न कसा विचारायचा. या वस्तूला किंमत नसते, पण ती नसेल तर पेशंट दुसऱ्यांदा येत नाही.

भाषेचं मी मुद्दाम बोललो. तमिळनाडूत वेल्लोरला आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेवर काम सुरू केलं, त्याचं आजचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज झालं. तिथे तुम्ही गेलात तर लॉजच्या आणि खाणावळीच्या पाट्या बंगालीत दिसतात. कुठे बंगाल, कुठे वेल्लोर! पण बंगाली पेशंट तिथे पिढ्यान्‌पिढ्या जातो, कारण तिथे त्याला मासा-भात मिळतो आणि त्याची भाषा समजणारा माणूस मिळतो. मिरजेत मराठी, कन्नड आणि दखनी या तीन भाषा रिक्षावालाही बोलतो. दुखणं सांगायला आईची भाषाच लागते. 'पोटात कसंतरी होतंय' या वाक्यातलं 'कसंतरी' परक्या भाषेत नेता येत नाही.

वॉनलेस उत्तम सर्जन होता, ते सगळे सांगतात. मला वाटतं त्याचं मोठं काम वेगळं होतं. हॉस्पिटल उघडून तीनेक वर्षं होतात न होतात तोच त्यानं शिकवायला सुरुवात केली. मदतनीस डॉक्टर, कंपाउंडर, नर्स. आपल्याला हात हवेत म्हणून शिकवलं असेल, पण शिकलेले हात एका हॉस्पिटलात मावत नाहीत. ते बाहेर पडतात. कुणी स्वतःचा दवाखाना काढतो, कुणी औषधांचं दुकान, कुणी ड्रेसिंगला घरोघर जातो. हॉस्पिटलनं चालवलेल्या सर्वांत मोठ्या कारखान्यात पेशंट कच्चा माल नव्हता, विद्यार्थी होता. आणि तयार माल फाटकाबाहेर विनामूल्य जात होता.

याचं दुसरं उदाहरण मिरजेतच आहे. सतारमेकर गल्ली. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांची ही घराणी. तलवारींचा काळ संपला तेव्हा त्यांनी तंबोरे आणि सतारी घडवायला सुरुवात केली. आज शंभर-दीडशे वर्षं होऊन गेली, भोपळा पंढरपूर भागातून येतो, देशातले मोठे गवई तंबोरा मिरजेचाच मागतात, २०२४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. हे वाद्य पुण्यात का बनत नाही? भोपळा पुण्यालाही नेता येतो. पण तंबोऱ्याची जवारी लावायला बसलेल्या चुलत्याकडे बघत बघत शिकणारा पुतण्या नेता येत नाही. आल्फ्रेड मार्शल नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८९० साली आपल्या ग्रंथात हेच मांडलं होतं: एकाच धंद्याची माणसं एका गावात दाटीनं राहिली की कसब हवेत मिसळतं आणि पोरं ते नकळत शिकतात. मार्शलनं मिरज बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर एका गल्लीत सतारीचा आणि पुढच्या गल्लीत फ्रॅक्चरचा अध्याय लिहिता आला असता.

हॉस्पिटलच्या गोष्टीतला क्षयाचा काळ मी थोडक्यात आटोपतो. सांगली-मिरजेच्या मधे कोरड्या माळावर क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम निघालं. त्या भागाला आजही वॉनलेसवाडी म्हणतात. तिथे फ्लॅट घेणाऱ्यांतल्या कितीजणांना हे नाव डॉक्टराचं आहे हे माहीत असेल, देव जाणे. कुष्ठरोग्यांसाठीही मिशनचं हॉस्पिटल होतं. जे आजार गावात कुणाला नको असतात ते मिरजेनं वेशीशेजारी राहू दिले. वॉनलेसला १९२८ ला 'सर' किताब मिळाला, १९३३ ला तो अमेरिकेत वारला. त्याच्यानंतरच्या डॉक्टरांनी हॉस्पिटल आणखी वाढवलं.

मग १९६२. मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज निघालं. कॉलेजला शिकवायला पेशंट लागतात, तयार हॉस्पिटल लागतं. ते मिशनचं होतं आणि सांगलीचं सिव्हिल होतं. राजकारणही असणार, या जिल्ह्यात राजकारणाशिवाय विहीरही खणली जात नाही. पण कॉलेज आल्यावर चाक फिरायचा वेग बदलला. दरवर्षी डॉक्टर तयार होऊ लागले. त्यांतले काही जे राहिले ते का राहिले, असं मी एका जुन्या सर्जनना विचारलं होतं. ते म्हणाले, "इथे रात्री अकराला भूलतज्ज्ञ मिळतो." बस. जमीन, कर, हवा, काही नाही. एकट्या सर्जनला ऑपरेशन करता येत नाही. भूल देणारा लागतो, रक्तपेढी लागते, लॅब लागते, मध्यरात्री शटर वर करणारा मेडिकलवाला लागतो, आणि अडचण आली तर धावून येणारा दुसरा सर्जन लागतो, जो एरवी प्रतिस्पर्धी असतो. म्हणून डॉक्टर डॉक्टरशेजारी दुकान थाटतो. भाजीवाली भाजीवालीशेजारी बसते ते याच कारणानं.

इथे मी सगळं गोड गोड सांगतोय असं वाटू नये. जिथे पेशंट येतो तिथे पेशंट आणणाराही येतो, आणि त्याला 'कट' लागतो. खेड्यातल्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली, तिच्यामागून पाकीट गेलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. माझ्या स्वतःच्या भावाला एका हॉस्पिटलात गरज नसताना चार दिवस आयसीयूत ठेवलं होतं. कळलं तेव्हा शेत गहाण पडलं होतं. गावाबद्दलच्या विश्वासावर दलाल पोट भरतो, आणि विश्वास जितका जुना तितकं त्याचं पोट मोठं. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण पुरलेले सापडले. कर्नाटकची हद्द जवळ, येण्याजाण्याची वाट मळलेली, एजंट तयार. ज्या रस्त्यानं मोतीबिंदूची म्हातारी आली त्याच रस्त्यानं पोटातल्या मुली आणल्या गेल्या. मिरजेच्या वैद्यकीय कीर्तीवर भाषण करायचं आणि म्हैसाळ गाळायचं, हे मला जमणार नाही.

अलीकडे 'वेलनेस'चे बोर्ड वाढलेत. स्पा, डिटॉक्स, वजन कमी करणं. यांच्याबद्दल मला फार बोलायचं नाही. ज्याला दुखत नाही त्याच्यावर उपचार करणं हा सोपा धंदा आहे. एक मात्र गंमत आहे. आपली समजूत अशी की आजार जंक्शनला जातो आणि आरोग्य डोंगरावर. पण स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम ही योगसंस्था काढली ती लोणावळ्याला, मुंबई-पुणे लाइनवर. गांधीजींनी १९४६ साली निसर्गोपचार सुरू केला तो उरुळी कांचनला, तिथेही स्टेशन. पाचगणीच्या सॅनेटोरियमसारखे अपवाद सोडले तर निसर्गसुद्धा आपल्याकडे गाडीनंच पोचतो.

आता राहिलं आजचं. मिशनचं हॉस्पिटल गेली काही वर्षं आर्थिक ओढाताणीत आहे. त्या दगडी इमारतींपुढून जाताना माझ्या पिढीच्या माणसाला बरं वाटत नाही. माझ्या विषयाच्या दृष्टीनं मात्र विचित्र गोष्ट अशी की त्याच्यामुळे मिरजेला येणारा पेशंट थांबला नाही. मूळ झाड वाळत असताना पारंब्या धरून वड उभा आहे. हाडांची, डोळ्यांची, कॅन्सरची, मुलांची स्वतंत्र हॉस्पिटलं आहेत. सरकारी योजनेत बसतं का, हे सांगणारी खिडकी आहे. २०२० च्या मार्चमध्ये इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण एकाच कुटुंबातून दोन डझनांच्या घरात गेले आणि सगळा महाराष्ट्र धसकला, तेव्हा त्यांनाही हलवलं ते मिरजेलाच, आणि ते बरे होऊन घरी गेले.

धोका वेगळीकडून आहे. रत्नागिरी-नागपूर महामार्ग तुमच्या दारातून गेला. अँब्युलन्स आता मिरजेला जितक्या सहज जाते तितक्याच सहज पुढे कोल्हापूरला जाते, किंवा उलटी सोलापूरला. गाडी बदलायला उतरायची गरज राहिली नाही. आणि आमच्या गल्लीत पुढची खोली आता कुणी देत नाही. तिथे लॅब आहे, मेडिकल आहे, वर लॉज. लॉजवाला आधार कार्ड घेतो, ऑपरेशन कधी आहे ते विचारत नाही.

मला इथल्या एका कार्यकर्त्यानं निमंत्रण देताना विचारलं होतं की आपल्याकडे असं काही उभं करता येईल का. जागा आहे म्हणाले, पाणीही आलंय आता. मी म्हटलं, नर्सिंगचा वर्ग काढा. हॉस्पिटल नंतर बघू. ते जरा नाराज झाले. नर्सिंगच्या वर्गाचं उद्घाटन करायला मंत्री येत नाही, हे मलाही कळतं.

गुडघ्याच्या पाकिटाकडे वळायला हवं. सभागृहातल्या घड्याळाचा काटा पावणेनऊवर आहे आणि मला साडेनऊची गाडी धरायची आहे. मी मघाशी चहाच्या वेळी मिरजेला फोन लावला होता. डॉक्टरला नाही. आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशींना. एकतीस वर्षं हाडांच्या वॉर्डात होत्या, आता रिटायर आहेत. त्यांनी दोन प्रश्न विचारलेत: जिना चढताना जास्त दुखतं का उतरताना, आणि मिरजेत रात्री राहायला कुणी नातेवाईक आहे का. तेवढं मला सांगा, मग नाव सांगतो.